सांग, ताप आला होता!

डिसेंबर-जानेवारी आला की आमच्या शाळेत एक साथ यायची. डॉक्टरांच्या कुठल्याही पुस्तकात नसलेली! स्नेहसंमेलन आटोपलं, की वर्गातली चार-पाच मुलं एकदम आजारी पडायची. कुणाला व्हायरल, कुणाला टायफॉइड, कुणाच्या अंगावर पुरळ. आठवड्याभराने ती शाळेत यायची ती गाल रापलेली, नाकाची सालं निघालेली, आणि एखादीच्या मनगटात शिंपल्यांचं नवंकोरं ब्रेसलेट. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, खाली ठळक शिक्का. मुंबईच्या एका उपनगरात सव्वीस वर्षं मी मराठी आणि भूगोल शिकवला. अशा चिठ्ठ्या किती पाहिल्या याचा हिशेब नाही. शिक्षकांना काही कळत नाही असं पालकांना वाटतं. अहो, सगळं कळतं!

शाळा बुडवून मुलांना फिरायला न्यावं की नाही, हा वाद पूर्वी शाळेच्या फाटकापाशी चालायचा, आता मोबाइलवरच्या आयांच्या ग्रुपवर चालतो. एक पक्ष म्हणतो, ‘शाळा ती शाळा, शिस्त म्हणजे शिस्त.’ दुसरा म्हणतो, ‘चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?’ माझं मत आधीच सांगून टाकते. प्रसंगी न्यावं. पण सांगून न्यावं.

प्रसंगी म्हणते, कारण कुटुंबाच्या सुट्ट्या शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाहीत. नवऱ्याची रजा, बायकोची रजा आणि मुलांची सुट्टी ही तीन टोकं जुळवताना बाईच्या नाकी नऊ येतात. ती नर्स असेल तर दिवाळीत ड्युटी. बँकेत असेल तर मार्चअखेर. दुकान असेल तर सणासुदीला शटर बंद ठेवायचं कसं? आणि मे महिन्याची ती जुनी, लांबलचक, मामाच्या गावची सुट्टी आता किती घरांत उरली आहे? सीबीएसईच्या शाळांत परीक्षा संपून जरा टेकावं तोवर एप्रिलमध्ये पुढच्या इयत्तेची पुस्तकं दारात. मुलगा नववीत गेला की मे महिन्यात ‘व्हेकेशन बॅच’. (सुट्टीतल्या क्लासला ‘सुट्टी’चंच नाव देणाऱ्याला खरं तर बक्षीस द्यायला हवं.) पैशाची गोष्ट तर बोलायलाच नको. त्याच हॉटेलातल्या त्याच खोलीचा दर दिवाळीत विचारा आणि दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी विचारा. ज्या घरात दोन वर्षं पैसे साठवून एक सहल होते, त्या घराने तो फरक पाहायचा नाही तर कुणी पाहायचा?

आणि सहलच कशाला? मुंबईतल्या कोकणी घरांत गणपतीला गावी जायचं हा काही चैनीचा विषय नाही. गाडीच्या तिकिटासाठी दोन महिने आधी पहाटे उठून रांगेत उभं राहायचं, नाहीतर कॉम्प्युटरपुढे बसायचं. मिनिटांत वेटिंग लिस्ट! ते तिकीट कसंबसं हाती पडलं, की शाळेच्या डायरीत चिकटवलेला कागद येतो : चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी चाचणी. मग घरात खल. आईने मुलांना घेऊन मागे राहायचं का? वडील एकटे जाणार का? म्हातारी सासू गावी पडवीत बसून वाट बघणार. बहुतेक वेळा मागे कोण राहतं हे मैत्रिणींना वेगळं सांगायला नको.

म्हणून मी जाणाऱ्यांच्या बाजूची. पण त्या चिठ्ठीच्या बाजूची नाही.

एकदा भूगोलाच्या तासाला हिमनदी शिकवत होते. सुरुवात करायची म्हणून विचारलं, ‘‘बर्फ पाहिलाय का कुणी? फ्रीजमधला नव्हे हं, आभाळातून पडणारा.’’ मागच्या बाकावरून एक हात वर गेला. अर्ध्यावर थांबला आणि हळूच डोकं खाजवायला वळला. आठवड्यापूर्वीच तो मुलगा ‘टायफॉइड’मधून उठला होता. मनालीहून. शेजारचा खुसखुसला, त्याने शेजारच्याला कोपर मारलं, आणि पुस्तकात मान घातली. मी स्वतः तोवर बर्फ पाहिलेला नव्हता. चित्रं दाखवून शिकवत होते. त्या वर्गात बर्फाबद्दल बोलायचा अधिकार असलेला एकच माणूस होता, बारा वर्षांचा, आणि त्याला घरून बजावून पाठवलं होतं, ‘‘कुणी विचारलं तर सांग, ताप आला होता.’’

आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून त्याला एवढ्या लांब नेला, बर्फ दाखवला आणि मग तो बर्फ कुणाला सांगायची बंदी घातली. मला सांगा, यात शाळा किती बुडाली आणि सहल किती बुडाली?

बरं, मूल खोटं बोलायला शिकतं एवढंच नाही. ते त्याहून पक्कं काही शिकतं. डॉक्टरांचा शिक्का मिळवता येतो. बाईंना खरं माहीत असतं आणि त्या गप्प बसतात. मुख्याध्यापकांनाही माहीत असतं. म्हणजे सगळी मोठी माणसं मिळून एक नाटक करतात आणि त्यात आपलं काम पाठ केलं की झालं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा हा धडा मुलांच्या चांगला लक्षात राहतो.

आता वह्यांचं. सहलीहून आल्यावर बॅगा कोण उपसतं, धुण्याचा ढीग कोण काढतं, फ्रीजमधलं आंबलेलं दही कोण फेकतं हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात बुडालेल्या वह्यांची भर. दुसऱ्या आईकडून पानांचे फोटो मागवायचे आणि रात्री अकरानंतर मुलाच्या अक्षरात लिहीत बसायचं. माझ्याकडे तपासायला अशा वह्या यायच्या, की कोंबडीचे पाय चालता चालता मध्येच आठ पानं मोत्यासारखी! मला त्या अक्षरावरून बाईची झोप मोजता यायची. शिक्षक म्हणून सांगते, दुसऱ्याच्या वहीतली प्रश्नोत्तरं उतरवून काढणं म्हणजे अभ्यास नव्हे. मुलाला धडा वाचू द्या, दोन प्रश्नांची उत्तरं त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहू द्या, बाकीची पानं कोरी राहू द्यात. वही पूर्ण असण्याचा हट्ट शाळांनीही सोडावा. आणि वह्या भरायच्याच असतील तर त्या घरात आणखी एक साक्षर माणूस असतो, त्यालाही पेन धरता येतं.

माझी भाची इंग्लंडमध्ये असते. तिथे हा मामला सरळ दंडाचा. न विचारता शाळा बुडवून मुलांना सहलीला नेलं तर आईला वेगळा, वडिलांना वेगळा, आणि तोही दर मुलामागे. ऑगस्ट २०२४पासून तो ८० पौंड आहे आणि २१ दिवसांत भरला नाही तर १६०. तिथल्या आइल ऑफ वाइटमधल्या एका वडिलांनी २०१५मध्ये मुलीला शाळेच्या दिवसांत फ्लोरिडाला नेलं, दंड भरायला नकार दिला आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१७मध्ये न्यायालयाने सांगितलं, नियमित हजेरी म्हणजे शाळेच्या नियमाप्रमाणे हजेरी. वडील हरले. भाचीच्या दिराचं लग्न पुण्यात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतं. तिने शाळेला सरळ लिहून कळवलं, परवानगी मिळाली नाही, तरी ती आली आणि परत जाऊन दंड भरला. तिचा मुलगा मात्र वर्गात काकाच्या वरातीचं वर्णन मोकळेपणी करत होता. आपल्याकडे असा दंड नको, असं माझं ठाम मत आहे. ज्यांच्याकडे पैसा आहे ते तो पॅकेजच्या रकमेत धरतील आणि जातील. अडकेल तो गणपतीला गावी जाणारा.

याचा अर्थ मनात आलं की उचला मूल आणि निघा, असा कुणी घेऊ नये. दहावी-बारावीला ७५ टक्के हजेरीची अट आहे, ती वर्षं सोडाच. पण लहान वर्गांतही आपलं मूल कुठे अडतंय हे आईला माहीत असतं. गणितात चाचपडणाऱ्या मुलीचा अपूर्णांकांचा आठवडा बुडाला तर ती पुढे दोन वर्षं अडखळत राहते, हे मी शेजारच्या वर्गात पाहिलेलं आहे. समूहनृत्यात आठ मुली असतील आणि एक केरळला गेली तर उरलेल्या सात जणींचं काय? त्याही कुणाच्या तरी लेकीच. आणि स्वस्त पॅकेज मिळालं म्हणून वर्षातून तीनदा जाणारी, जाऊन रिसॉर्टच्या खोलीत मोबाइलवर खेळणारी मुलंही आहेत. त्यापेक्षा शाळा बरी, निदान डबा तरी वाटून खातील.

दुसऱ्या टोकाला शाळांचं ते शंभर टक्के हजेरीचं बक्षीस. ते बंद करा असं मी शिक्षकसभेत दरवर्षी म्हणत असे. त्या एका प्लास्टिकच्या ढालीपायी मुलं ताप अंगावर काढून येतात आणि अर्ध्या वर्गाला देऊन जातात. म्हणजे खोट्या तापाला चिठ्ठी आणि खऱ्या तापाला ढाल!

पण मला सगळ्यात जास्त चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी साताऱ्याकडच्या. फेब्रुवारीत त्यांच्या गावची जत्रा असते. चार दिवसांची सुट्टी मागायला त्या शेजारी गेल्या, तर शेजारीणबाईंनी त्यांना दारातच ऐकवलं, ‘‘मुलीची शाळा बुडवून जत्रेला निघालात? म्हणून तुम्ही लोक पुढे जात नाही!’’ या बाईंची नातवंडं त्याच आठवड्यात दुबईला गेलेली होती. अर्थातच ‘आजारी’ पडून. मावशी पदर खोचत मला म्हणाल्या, ‘‘वर्सातनं एकदा तर पोरगी आजीला बघती. देवाची पालखी काय शाळंची सुट्टी बघून निघती व्हय?’’ त्यांच्याकडे चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी द्यायची असते हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी शाळेत जाऊन बाईंना खरं तेच सांगितलं आणि तिथेही बोलणी खाल्ली. खरं बोलणाऱ्या बाईला बोलणी आणि शिक्का आणणारीला ‘काळजी घ्या हं’!

याहून मोठी गैरहजेरी आहे, तिला सहल म्हणता येत नाही. माझी एक मैत्रीण बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. ती सांगायची, दसरा-दिवाळीनंतर वर्ग बघवत नाही. ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते. तिथे आईने मागे राहायची सोयच नाही. मग मुलं बरोबर जातात. थोरली मुलगी कोपीवर तान्ह्याला सांभाळते, आणि वसंतात कारखान्याचे पट्टे पडले की परत येते, तोवर वर्ष संपत आलेलं असतं. साखरशाळा झाल्या, गावातच मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहं झाली. तरीही मुलं जातात. मैत्रीण म्हणायची, ‘‘तुमच्याकडे आठ दिवसांचं सर्टिफिकेट मागतात. माझ्याकडे पाच महिने कुणी काही मागत नाही.’’ शाळा बुडते ती अशी. आमच्या मनालीच्या आठ दिवसांनी काही बुडत नाही, आणि तरी शाळांचा सगळा दरारा त्या आठ दिवसांवर!

आता यावर शाळांनी काय करावं? फार काही नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे असं घातलं आहे, ते शाळेच्या कामाचे दिवस आहेत. एका मुलाने चार दिवस सांगून रजा घेतल्याने ते कमी होत नाहीत. डायरीत गैरहजेरीच्या कारणाचा रकाना असतोच. तिथे ‘गावाला गेलो होतो’ हे उत्तर चालू द्या. आईने आधी अर्ज द्यायचा, बाईंनी कुठले दोन धडे होणार ते सांगायचं, चाचणी असेल तर ती आल्यावर घ्यायची. आणि आल्यावर मुलाला पाच मिनिटं फळ्यापाशी उभं करायचं, काय पाहिलंस सांग म्हणून. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडलीच आहे, मग दप्तराविना घडलेल्या चार दिवसांचं एवढं वावडं कशाला?

गणपतीची सोय तर कागदावर आहेच. माध्यमिक शाळांना वर्षात ७६ सुट्ट्यांची मर्यादा आहे, आणि शिक्षण खात्याच्या सुट्ट्यांच्या परिपत्रकात एक वाक्य येत आलं आहे : दिवाळीची किंवा उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी कमी करून ते दिवस गणेशोत्सव किंवा नाताळसारख्या सणाला देता येतात, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने. कित्येक पालकांना हे ठाऊकच नसतं, आणि शाळा आपणहून सांगायला जात नाहीत. तेव्हा ज्यांच्या घरी दरवर्षी तो तिकिटांचा आणि चाचणीचा घोळ होतो त्यांनी चार-पाच जणींनी मिळून लेखी अर्ज द्यावा. जूनमधली पहिली पालकसभा त्यासाठी बरी. चाचण्यांच्या तारखा तोवर छापून झालेल्या नसतात, आणि मुख्याध्यापकही सुट्टीवरून नुकतेच आलेले असतात.