काडी ओढण्याआधी बाटली कपाटात

पोर्तुगालमध्ये अनेक घरांत जेवणाआधी टेबलावर मातीचे होडीसारखे एक भांडे येते. त्याच्या आडव्या पट्ट्यांवर ‘शोरिसू’, म्हणजे लसूण आणि लाल मिरचीपूड घालून धुरी दिलेले डुकराच्या मांसाचे सॉसेज. खाली ‘आग्वार्देंत’ ही कडक दारू. काडी ओढली की निळी ज्योत, चरचरणारी चरबी आणि मुलांचे विस्फारलेले डोळे! घरच्या जेवणात एवढी गंमत असायलाच हवी.

पण ही ज्योत उजेडात नीटशी दिसत नाही. विझली असे समजून कुणी बाटलीतून पुन्हा दारू ओततो, आग धारेवरून बाटलीत शिरते आणि भडका समोरच्याच्या तोंडावर येतो. म्हणून दारू आधी वाटीत मोजून घ्यावी, बाटली बूच लावून कपाटात ठेवावी, मगच काडी ओढावी. एकदा पेटवल्यावर परत ओतू नये.

हेच नाव पोर्तुगिजांबरोबर गोव्यात येऊन ‘चोरीस’ झाले. ते फेणीवर भाजायची हौस मात्र आवरावी. आपले व्हिनेगर-मिरचीतले चोरीस कच्चे असते. त्याला कांदा, थोडे पाणी आणि मंद आचच हवी; घाईची ज्योत त्याला वरून करपवते आणि आतून कच्चे ठेवते.