पाडव्यानंतरचा आठवडा आणि आभाळ

पाडवा झाला की नाशिक-नगरकडच्या शेतकऱ्याची नजर दुपारनंतर पश्चिमेला लागते. येत्या आठवड्याचं चित्र चैत्राला साजेसंच धरून चाला: सकाळी गारवा, दुपारी अंग भाजणारं ऊन आणि चारच्या पुढे कुठेतरी ढगांची दाटी. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर, दोन्हीकडचं बाष्प तापलेल्या जमिनीवर एकत्र आलं की ढग तासाभरात उंच चढतो आणि एका शिवारात गारा पडतात, तर शेजारचं कोरडं राहतं. म्हणूनच जिल्ह्याचा अंदाज पाहून ‘आपल्याकडे काही नाही’ असं म्हणू नये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा, विदर्भ अजून विसरलेला नाही. सध्या उन्हाळ कांदा काढणीला आलाय. उपटलेला कांदा पातीनेच झाकून तीन-चार दिवस वावरात सुकवतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत सर आली की मानेतून पाणी शिरतं. असा कांदा चाळीत टिकत नाही, आणि शेजारचे चांगले कांदेही सडवतो. तासगावकडे शेडवरच्या बेदाण्याचीही तीच धास्ती. कोकणात पावसापेक्षा उकाडा जास्त जाचेल. किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा निकष लागू होतो. तेव्हा ताडपत्री आजच बांधावर आणून ठेवा, मोबाइलवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप घ्या, आणि गडगडाट ऐकू आला की झाडाखाली थांबू नका, बैलही तिथे बांधू नका.