सातबारा दिला, पांदण कुठाय?

मंडळी, आज जरा भांडायचंय. विषय तांत्रिक आहे, पण घरच्यांनी लगेच पान बंद करू नये. काकूंनाही कळेल असं लिहितोय. :)

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं (त्यात मीही आलो) एक आवडतं वाक्य आहे, "सोर्स कोड ठेवलाय ना, घ्या की बघून!" सोर्स कोड म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ, माणसाने लिहिलेला मजकूर. तो वाचण्याचं आणि बदलण्याचं स्वातंत्र्य हाच या चळवळीचा पाया. पण नुसता ठेवला म्हणजे दिला का? आमच्या गोंदियाकडे कोणी धानाच्या बांध्या तुमच्या नावावर केल्या, सातबाराही हातात दिला, पण तिथवर जायला पांदणच नसेल, तर बैल काय उडवत न्यायचे?

उदाहरण आपल्याच भाषेचं घेऊ. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा'. पहिल्यात प्रवचन होईल, दुसऱ्यात पंगत. फरक फक्त रफार आणि 'य'ला डावीकडून चिकटलेल्या अर्ध्या 'र'चा. हिंदीला हा अर्धा 'र' लागत नाही. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त. दुसरा, साधा 'र', हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं चिन्ह. हा दुसरा प्रकार युनिकोडच्या जुन्या २.० आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी ठेवलेला आहे.

आता कल्पना करा, दूरदेशीचा एखादा प्रोग्रॅमर कोडमध्ये वाचतो, 'र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे आलं तर रफार करू नको.' शेजारी कॉमेंट नाही. त्याला वाटेल, हा कचरा कोणी ठेवला? तो साफ करेल, हिंदी मजकुरावर तपासेल, सगळं छान दिसेल. आणि इकडे कुणाच्या तरी जुन्या फाइलमधल्या शेतकऱ्याचा 'शेतकर्या' होईल.

"चांगल्या कोडला कॉमेंट लागत नाही" म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. लिनक्स कर्नलची लेखनपद्धती सांगते की कोड कसा चालतो हे कॉमेंटमध्ये समजावत बसू नका. एकदम मान्य! काय चाललंय ते कोड सांगतोच. पण का, ते कोण सांगणार? मराठीत आचारी आणि आचार्य वेगळे असतात, हे कुठल्याही व्हेरिएबलच्या नावात मावत नाही.

हे जमतं, बरं का. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सगळ्यांत अक्षरं जुळवणारं हार्फबझ पाहा. त्याच्या भारतीय लिप्यांच्या भागात कॉमेंटांमधून कळतं की अमुक ओळ ओपनटाइपच्या कुठल्या नियमासाठी आहे आणि विंडोजचं युनिस्क्राइब तिथे वेगळं काय करतं. रेड हॅटच्या लोहित फॉन्टांवर पुण्यातून काम झालं. त्यात पुढे 'लोहित २' करताना अक्षराकृतींची नावं नियमबद्ध केली आणि जुळणीचे नियम साध्या मजकुराच्या वेगळ्या फाइलींत ठेवले. का? दुसऱ्याला वाचता यावेत, वापरता यावेत म्हणून.

"फुकट काम करतो, वर कॉमेंटही लिहू?" हो, लिहा! कंपनीत निदान शेजारच्या टेबलावर जाऊन विचारता येतं. इथे लिहिणारा नोकरी बदलतो, लग्न करतो, गायब होतो. मागे उरते फक्त फाइल. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल, दोन ओळी असल्या तरी चालतील. फक्त कोड बदलला की त्याही बदला, शिळी कॉमेंट खोटी वाट दाखवते.

मुद्दाम गोंधळून टाकलेला कोड हा सोर्स कोडच नव्हे, असं मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्या स्पष्ट सांगते. माझं म्हणणं एवढंच, की आळसाने गोंधळलेला कोड तरी वेगळा कसा धरायचा? वाचणाऱ्याच्या वाट्याला फळ तेच येतं.

तेव्हा ब्लॉगर मित्रहो, तुमच्यातल्या ज्यांचा कोड कुठेतरी मुक्त म्हणून पडलाय, त्यांनी या रविवारी एक फाइल उघडावी आणि जिथे 'हे असं का?' असा प्रश्न पडेल तिथे उत्तर लिहून ठेवावं. लायसन्सने हक्क मिळतो. वाट आपल्यालाच करून द्यावी लागते.