धूर आणि निखारा

सातारा-सांगलीकडे बहुतेक घरांत आता गॅस आहे. २०१६ साली आलेल्या उज्ज्वला योजनेने तर वाडी-वस्तीवरही सिलिंडर नेला. तरीही पहाटे एखाद्या गावातून फिरून यावे. न्हाणीघरांच्या आडोशाला चुली आणि बंब पेटलेले दिसतात. चहा गॅसवर, आंघोळीचे पाणी सरपणावर. ही वाटणी हौसेची नाही, हिशेबाची आहे. सिलिंडरला रोख पैसे लागतात. शेण्या, चिपाडे घरची असतात. म्हणून ‘चूल सोडा’ असा उपदेश करण्यापेक्षा ती कशी पेटवावी हे बोलणे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते.

घरातल्या अशा धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. धूर म्हणजे पुरते न जळलेले इंधन. सरपण ओले असले किंवा चुलीत कोंबले, की तो वाढतो आणि फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या व तिच्या मांडीवरच्या मुलाच्या छातीत जातो.

फलटण भागात या प्रश्नावर चांगले काम झाले आहे. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या फडात जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचटापासून कोळसा केला. बंद पिंपात पाचट तापवले की धूर करणारे वायू बाहेर पडून भट्टीतच जळतात. उरलेल्या कोळशाच्या भुकटीच्या कांड्या करतात. २००२ साली या कामाला ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

मात्र धूर नाही म्हणजे धोका नाही, असे नव्हे. कोणत्याही निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची आणि गार वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घ्यायच्या, यात आपली माया असते. पण त्या खोलीत डोके दुखले, मळमळले, गुंगी आली, तर ते बाळंतपणाच्या अशक्तपणाच्या खाती जमा होते. तान्ह्या बाळाला तर सांगताही येत नाही. अशा वेळी आधी दोघांना मोकळ्या हवेत आणावे आणि दवाखाना गाठावा. शेक द्यायचाच तर गरम पाण्याच्या पिशवीने द्यावा. बंद न्हाणीघरातल्या बंबालाही हाच नियम.

बाकीचे उपाय साधे आहेत. सरपण पावसाळ्याआधी आडोशाला रचावे, बारीक फोडावे. डाळ भिजवावी, भांड्यावर झाकण ठेवावे. पदर खोचावा, पेटत्या चुलीत रॉकेल ओतू नये. धुराडे छपराच्या वर न्यावे आणि त्यातली काजळी काढत राहावे. सुधारित चुलींची राष्ट्रीय मोहीम २००२ साली थांबली. चूल बसवून देणे सरकारला जमते. धुराडे साफ ठेवणे घरालाच जमवावे लागते.

आणि ते काम चुलीपुढे बसणाऱ्या बाईचेच का असावे? आंघोळीला गरम पाणी तर घरातल्या प्रत्येकाला लागते.