दोन असतील तर तिसरी

तर झालं असं, की आमच्या गाडीची एक किल्ली साताऱ्याला गेली.

गाडी न्यू जर्सीत आणि किल्ली साताऱ्यात. बाबा चार महिने आमच्याकडे होते. रोज सकाळी उठून गाडी पुसायचे. (इथे गाडी कोणी पुसत नाही, समोरचा म्हातारा खिडकीतून बघत बसायचा.) म्हणून दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असायची. विमानतळावर मिठ्या, रडारड, "पोचलात की फोन करा" वगैरे सगळं झालं आणि किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी फोन. "अरे, तुझ्या गाडीची किल्ली माझ्याकडेच आली की रे!"

आता यात हसण्यासारखं काय आहे ते बाबांनाच ठाऊक. इकडे आमचं गणित असं. गाडी एकच, २००८ ची फोर्ड एस्केप. सकाळी मी लेकीला पाळणाघरात सोडतो, गाडी स्टेशनवर लावतो आणि ट्रेन पकडतो. संध्याकाळी हिची बस आधी येते. ही स्टेशनवरून गाडी घेते आणि लेकीला आणते. म्हणजे दोन खिशांत दोन किल्ल्या हव्यातच. मग मी काय केलं असेल? किल्ली मागच्या टायरवर ठेवून जायला लागलो. ऑफिसात लोकांना पासवर्ड कागदावर लिहू नका म्हणून भाषण देणारा मी!

चौथ्या दिवशी विसरलो. किल्ली माझ्याबरोबर न्यूयॉर्कला. पाळणाघर सहाला बंद होतं, टॅक्सी करून ही पोचली तेव्हा पावणेसात. लेक कोट-टोपी घालून बाईंच्या शेजारी बसलेली, बाकी सगळे दिवे मालवलेले. उशिराचा दंड भरला तो वेगळाच. घरी आल्यावर ही एवढंच म्हणाली, "उद्याच्या उद्या दुसरी किल्ली कर."

लहानपणी ही गोष्ट सोपी होती. मंडईजवळ फूटपाथवर चावीवाला बसलेला असायचा, किल्ल्यांचा हा एवढा जुडगा घेऊन. किल्ली द्यायची, तो कानशीने पाच मिनिटं खर्रखर्र करणार, पैसे द्यायचे, चालू लागायचं. गाडी कुणाची, तुम्ही कोण, हा प्रश्न नाही. इथे मी डीलरला फोन केला. किल्ली, रिमोट आणि 'प्रोग्रामिंग' मिळून दोनशे चाळीस डॉलर, शिवाय अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली. प्रोग्रामिंग! हा शब्द ऐकला आणि आमचा अहंकार दुखावला. पोटासाठी गेली अठरा वर्षं दुसरं करतोय काय मी?

म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल काढलं. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच, हे कबूल करतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण मलाही ती तोवर नीट कळली नव्हती. आपण जिला किल्ली म्हणतो त्यात तीन वेगळ्या वस्तू असतात. एक लोखंडी पातं. दुसरा, दार उघडणारा बटणांचा रिमोट. त्याला सेल लागतो, आणि तो अमेरिकेत बहुतेक ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतो. तिसरी, किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात दडलेली चिप. तिला सेल नसतो. किल्ली भोकात घातली की तिथल्या वेटोळ्यातून तिला तेवढ्यापुरती वीज मिळते, गाडी तिला एक कोडं घालते, ती उत्तर देते. उत्तर चुकलं तर इंजिन चालू राहत नाही. रिमोट मेला तरी गाडी चालते. चिप नसेल तर पातं कितीही बरोबर कापा, गाडी हलणार नाही. चावीवाल्याचा धंदा बसला तो या चिपमुळे.

आणि मॅन्युअलमध्ये चक्क लिहिलंय, की नवी चिपवाली किल्ली तुम्ही घरी जोडू शकता. पहिली किल्ली घाला, 'ऑन'पर्यंत फिरवा, तीन सेकंद थांबा, बंद करून काढा. दहा सेकंदांच्या आत दुसरी घाला, तसंच करा. मग थोड्याच सेकंदांत नवी कोरी किल्ली घाला आणि फिरवा. झालं. उपकरण नाही, लॅपटॉप नाही, डीलर नाही.

अट एकच. आधीच्या दोन किल्ल्या हातात हव्यात. आणि माझी दुसरी साताऱ्यात!

त्या रात्री मी बराच चडफडलो. पण जसजसा विचार केला तसतसा मी या अटीच्या प्रेमात पडलो. बघा ना. पार्किंगवाल्याला आपण एक किल्ली देतो. मेकॅनिकला एक देतो. कुणी चोरलीच तर एक चोरतो. दोन्ही किल्ल्या एकाच वेळी एकाच माणसाच्या हातात असणं, हे त्या गाडीचा मालकच करू शकतो. कागद नको, ओळखपत्र नको, कंपनीच्या सर्व्हरला विचारायला नको. दोन साक्षीदार आणा, तिसऱ्याला घरात घेतो. ज्या कुणी इंजिनियरने हे ठरवलं त्याला माझा दंडवत.

जनरल मोटर्सच्या त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत वेगळीच गंमत होती. तिथे जुनी किल्ली एकही लागत नाही. बरोबर कापलेली नवी किल्ली 'ऑन'वर ठेवायची आणि दहा मिनिटं दिवा विझायची वाट बघायची. असं तीनदा. अर्ध्या तासाने गाडी नवी किल्ली शिकते आणि जुन्या सगळ्या विसरते. चोराला दुसऱ्याच्या अंगणात अर्धा तास बसायची हौस नसते, मालकाला असते. एकाने साक्षीदार मागितले, दुसऱ्याने धीर मागितला. पण दोघांनीही मालकाला मालक मानलं.

आता नव्या बटणवाल्या गाड्यांचं बघा. फोर्डच्या अशा बऱ्याच गाड्यांत दोन फॉब असतील तर तिसरा घरी जोडता येतो, पण इतर अनेक कंपन्यांच्या गाड्यांना निदानाचं उपकरण लावावंच लागतं. म्हणजे डीलर, नाहीतर नोंदणी केलेला कुलूपवाला. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ आणि २०२० साली लोकांनी चक्क मतदान करून दुरुस्तीचा हक्क मागून घेतला, पण चोरीविरोधी यंत्रणेचा कप्पा त्यातही वेगळाच ठेवला गेला. कारण एकच सांगतात, सुरक्षा.

हे कारण मी हसण्यावारी नेणार नाही. अमेरिकेत इमोबिलायझर सक्तीचा नव्हताच, आणि ह्युंदाई-कियाच्या लाखो गाड्या त्याशिवाय विकल्या गेल्या. २०२१-२२ मध्ये पोरांनी टिकटॉकवर बघून त्या पळवल्या. २०२३ मध्ये कंपन्यांनी सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी फुकट सॉफ्टवेअर अपडेट काढला. चिप हवीच, याबद्दल वाद नाही.

माझा वाद आहे तो पुढच्या उडीशी. चिप हवी, म्हणून मालकाला चिप जोडता येता कामा नये, हे कुठून आलं? आमच्या धंद्यात एक जुना धडा आहे, की कुलूप कसं बनवलंय हे लपवून कुलूप पक्कं होत नाही. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या मंडळींनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या अशाच एका चिपचं गुपित अल्गोरिदम उलगडलं. किल्ली अवघी ४० बिटांची. प्रयोगाला त्यांनी वापरलेली गाडी कोणती? २००५ ची फोर्ड एस्केप! (आमच्या म्हातारीची थोरली बहीण.) दोष दोन किल्ल्यांच्या नियमात नव्हता, ४० बिटांत होता. आणि २०२२ मध्ये लंडनमध्ये इयान टेबर या सुरक्षा-संशोधकाचीच टोयोटा चोरीला गेली, ती हेडलाइटमागच्या वायरींतून गाडीच्या नेटवर्कमध्ये शिरून. चोरांना किल्ली प्रोग्राम करायची गरजच पडली नाही. मालकासमोरचं दार बंद केलं, चोर खिडकीतून गेले. बिल मात्र मालकाच्या नावावर.

तुम्ही म्हणाल, नवरा-बायकोचं भांडण झालं आणि एकाने गुपचूप तिसरी किल्ली करून घेतली तर? बरोबर आहे, तसं होऊ शकतं. पण गाडीला नोंद ठेवायला सांगता येईल, आत्ता किती किल्ल्या जोडलेल्या आहेत ते पडद्यावर दाखवता येईल. हे शनिवारी दुपारी लिहिण्यासारखं काम आहे, हो!

असो. किल्लीकडे वळतो. भारतातून कोणीतरी येणारं असतंच. हिच्या ऑफिसातल्या एकीच्या सासूबाई तीन आठवड्यांनी आल्या, त्यांच्या बॅगेतून किल्ली आली. आईने ती गोड्या मसाल्याच्या पुड्यांबरोबर बांधली होती, अजून वास जात नाही. तोवर मी बारा डॉलरची चिपवाली कोरी किल्ली मागवून हार्डवेअरच्या दुकानात कापून घेतली होती. रिमोट मात्र एकदा चुकला. दिसायला हुबेहूब, पण मागचा एफसीसी आयडी वेगळा. तो परत पाठवला. तुम्ही मागवाल तेव्हा चित्र बघू नका, तो आयडी बघा.

शनिवारी सकाळी गाडीत बसलो. एक, दोन, तीन. दिवा तीन सेकंद लागला आणि विझला. नव्या किल्लीने इंजिन सुरू झालं. एवढ्याशा गोष्टीचा इतका आनंद मला प्रॉडक्शनमध्ये कोड गेल्यावरही झालेला नाही.

साताऱ्याचा रिमोट मात्र दार उघडेना. रिमोट प्रत्येक दाबणीला आकडा पुढे नेतो आणि तो थोडा पुढे गेला तरी गाडी चालवून घेते, पण दादाची मुलगी तीन आठवडे त्या बटणाशी खेळत होती म्हणे. चिप आकडे मोजत नाही, म्हणून ती शाबूत. रिमोटसाठी दुसरा विधी. दहा सेकंदांत किल्ली आठ वेळा बंद-चालू करायची, आठव्यांदा चालूवर थांबायचं, दारं आपोआप खटकन वाजतात, मग प्रत्येक रिमोटचं बटण दाबायचं. सगळे रिमोट एकदमच जोडायचे, जुने पुसले जातात. मी दोनदा सातवरच अडकलो. शेवटी हिने शेजारी बसून पीटीच्या बाईंसारखे आकडे मोजले. खट्!

तिसरी किल्ली आता स्वयंपाकघरात खिळ्याला असते. परवा खालच्या मजल्यावरचा तेलुगू मित्र आला. जुनी गाडी घेतोय, विकणारा एकच किल्ली देतोय, जोडून देशील का म्हणाला. म्हटलं, एका किल्लीवर मी काही करू शकत नाही बाबा. त्याला सांग दुसरी शोध, नाहीतर कुलूपवाल्याचे पैसे किमतीतून कमी कर. तो गेला घासाघीस करायला.

बाबा मे महिन्यात पुन्हा येतायत.