दोन मिलिमीटरांचा उपकार

नारळीच्या सुईत शिरून कोवळा कोंब कुरतडणारा गेंड्या भुंगा आणि माडाचे खोड आतून पोखरणारा सोंड्या भुंगा, या दोघांपलीकडे भुंगेऱ्यांचे मोठे जग आहे, याची जाणीव आपल्या बागायतदारास क्वचितच असते. भुंगा म्हटला की तो वैरी, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. त्यामुळे कोणा शास्त्रज्ञाने तिळाहूनही लहान अशा नव्या भुंगेऱ्याचे वर्णन प्रसिद्ध केल्याची वार्ता छापून आली, की या मंडळींना दुसरा उद्योग नाही काय, असा प्रश्न साहजिकच उमटतो. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या कामाविषयी असा प्रश्न विचारण्याचा नागरिकांना अधिकार आहे. त्याचे उत्तर मात्र केरळातील भातशेतीने केव्हाच देऊन ठेवले आहे.

ही हकिगत मुळात एका पाणवनस्पतीची. साल्विनिया नावाचे तरंगणारे नेचे मूळचे दक्षिण अमेरिकेतील. १९३९ साली ते कोलंबोच्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागातून बाहेर निसटले आणि श्रीलंकेच्या भातखाचरांत पसरले. १९५८ साली आफ्रिकेतील करिबा धरण भरू लागले, तेव्हा १९६२ पर्यंत या नेच्याने त्या जलाशयाचा सुमारे एक हजार चौरस किलोमीटरांचा पृष्ठभाग झाकून टाकला. केरळात त्यास लोक 'आफ्रिकन पायल' म्हणू लागले. कुट्टनाडच्या कालव्यांतून होडी वल्हवणे अवघड झाले, शेतांत पेरणीपूर्वी ते उपसण्यासाठी मजूर लावावे लागले, मासेमारी अडली. अनुकूल पाण्यात दोन-तीन दिवसांत दुप्पट होणारी ही वनस्पती हातांनी किती उपसणार? तुटलेल्या प्रत्येक तुकड्यातून ती पुन्हा वाढते.

उपाय शोधणाऱ्यांनी शास्त्राचा सरळ मार्ग धरला. वनस्पती जेथली, तेथलाच तिचा शत्रू आणावा. पण ती नेमकी कोठली? तिला साल्विनिया ऑरिक्युलाटा ही जुनी, ज्ञात जाती समजण्यात आले होते. त्या जातीवर त्रिनिदाद बेटात जे कीटक आढळले, ते आणून सोडण्यात आले. १९७० च्या दशकात असा एक नाकतोडा केरळातही आला. त्याने वस्ती केली, परंतु पाणी काही मोकळे झाले नाही. आफ्रिकेत त्रिनिदादचा एक छोटा भुंगेरा सोडून पाहिला, त्याचेही तेच झाले. रोगाचे नाव चुकले की औषधही चुकते, हा वैद्यकातला नियम येथेही खरा ठरला.

१९७२ साली मिचेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने सूक्ष्म तपासणी करून दाखवून दिले, की हे उपद्रवी नेचे ऑरिक्युलाटा नव्हेच. त्याने त्यास साल्विनिया मोलेस्टा असे स्वतंत्र नाव दिले. मग त्याच्या खऱ्या माहेराचा शोध सुरू झाला आणि १९७८ साली ते आग्नेय ब्राझिलमध्ये सापडले. तेथे त्याच्यावर जगणारा जेमतेम दोन मिलिमीटरांचा एक काळसर भुंगेरा मिळाला, आपल्या सोंड्या भुंग्याच्याच गोतातला. १९८० साली ऑस्ट्रेलियातील मूनडारा सरोवरात तो सोडला, तेव्हा तो त्रिनिदादचाच भुंगेरा असल्याची समजूत होती. परंतु सव्वा वर्षाच्या आत सरोवर जवळपास स्वच्छ झाले. हा पूर्वीचा अपयशी पाहुणा नव्हे, अशी शंका तेव्हा बळावली. शरीररचनेचे बारकावे ताडून १९८५ साली काल्डर आणि सँड्स यांनी त्याचे नवी जाती म्हणून वर्णन केले. सिर्टोबॅगस साल्विनिए हे त्याचे नाव. कळ्या खाणारा प्रौढ आणि खोडात शिरणारी अळी, या दोघांनी मिळून त्या नेच्याचा नायनाट केला होता. १९८३-८४ च्या सुमारास तो भारतात आणला गेला आणि काही वर्षांतच केरळातील कित्येक कालवे व शेते मोकळी झाली. हजारो मजुरांना जे साधले नव्हते, ते या जीवाने केले.

या कथेत काम फत्ते केले ते भुंगेऱ्याने, हे खरे. पण त्याच्यापर्यंत जाण्याची वाट दाखवली ती संग्रहालयात भिंगाखाली पाने ताडून पाहणाऱ्या एका माणसाने. नाव देणे म्हणजे केवळ बारसे करणे नव्हे. कोणता जीव कोणता, तो कोठला, काय खातो, या साऱ्या ज्ञानाची ती किल्ली असते. आपण कीटकांना नावे ठेवण्यात पटाईत आहोत. त्यांना नाव देणारे मात्र आपल्याकडे मोजकेच उरले आहेत.

प्रत्येक नवा भुंगेरा असाच उपयोगी पडेल काय? मुळीच नाही. बहुतेकांचा आपल्या व्यवहाराशी कधीही संबंध येणार नाही. परंतु कोणाचा येईल हे आधी सांगता येत नाही, आणि गरज पडेल त्या दिवशी शोध सुरू करून भागत नाही. विल्यम ब्लॉक यांनी १९६४-६५ साली केनियात मातीचे नमुने गोळा केले. त्यांतील एक मिलिमीटरहूनही लहान, डोळे व पंख नसलेला भुंगेरा लंडनच्या संग्रहालयात पडून होता. मायकेल डार्बी यांनी २०१९ साली त्याचे वर्णन केले आणि ग्रेटा थनबर्ग या तरुणीवरून त्यास नेल्लोप्टोडेस ग्रेटी हे नाव दिले. अर्धशतकाहून अधिक काळ तो टिकला, कारण कोणी तरी तो जपून ठेवला होता. जपणूक नसती तर अभ्यासकही हात चोळीत बसला असता.

आपल्याकडे कायदा आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार नवी जाती शोधणाऱ्याने तिचा नमुना नियुक्त संस्थेत जमा करावयाचा असतो. १९१६ साली स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था आहे, पुण्यात तिचे केंद्रही आहे. परंतु भिंगापाशी वीस-वीस वर्षे बसण्याची तयारी ठेवणारा तरुण यावयाचा तर त्याला विद्यापीठात पद हवे, महाविद्यालयात नमुन्यांची नीट राखलेली कपाटे हवीत आणि या कामास विद्येचा मान हवा. गाजर गवतावर सोडलेला मेक्सिकन भुंगेरा आपल्या शेतकऱ्यास ठाऊक आहे. त्याच्यामागे उभे असलेले हे शास्त्र त्यास कोणी सांगत नाही.

सत्तरी-सांग्याच्या रानांत, देवराईच्या कुजक्या पानांच्या थरात कोणकोणते जीव राहतात, याची पुरी यादी आज कोणापाशीही नाही. ही राने खाणीसाठी, रस्त्यासाठी वा वीजवाहिन्यांसाठी तोडण्याचे प्रस्ताव मात्र हिशेबासह येतात. त्या हिशेबात झाडे मोजली जातात, पानांखालचे जग धरलेच जात नाही. ज्याची नोंद नाही त्याचे नुकसानही दाखवता येत नाही. म्हणून असे प्रस्ताव तपासताना जमिनीवरील पालापाचोळ्याचाही अभ्यास सक्तीचा करावा आणि त्यासाठी लागणारी माणसे येथल्याच विद्यापीठात घडवावीत. उद्या आपल्या खाजनात एखादी नवी आपत्ती तरंगत आली, तर तिचा शत्रू शोधण्यासाठी लागणारी पहिली गोष्ट असेल तिचे बिनचूक नाव, आणि ते सांगणारा माणूस एका रात्रीत तयार होत नसतो.