धूर थांबला, तरी धाप का थांबत नाही? ‘सीओपीडी’त कुंपणच शेत खातं!

सिगारेट सोडून पाच वर्षं झाली, तरी जिना चढताना धाप लागतेच. घरचे म्हणतात, ‘चोरून ओढत असणार!’ अनेकदा हा आरोप खोटा असतो. धूर थांबतो, त्याने फुफ्फुसात पेटवलेली रोगप्रतिकारक पेशींची लढाई थांबत नाही.

नेमकं होतं काय?

श्वासातून आलेली धूळ आणि जंतू गिळणं हे मॅक्रोफेज पेशींचं काम. धूर रोजचाच झाला की त्यांची संख्या वाढते, पण जंतू गिळण्याची ताकद घटते. त्या रासायनिक निरोप धाडून रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशींना बोलावतात. न्यूट्रोफिल सोडतात इलॅस्टेज नावाचं विकर. ते फुफ्फुसाला लवचीक ठेवणारे तंतूच तोडतं. वायुकोशांच्या भिंती फाटतात, आणि मोठ्या माणसात त्या पुन्हा पूर्ववत होत नाहीत. सीडी8 टी-पेशी त्यात भर घालतात.

इलॅस्टेजला लगाम घालणारं प्रथिन शरीरात असतं: अल्फा-1 अँटिट्रिप्सिन. 1963 मध्ये स्वीडनच्या लॉरेल आणि एरिक्सन यांनी त्याची कमतरता असलेले रुग्ण नोंदवले. त्यांच्यातल्या काहींची फुफ्फुसं खराब झालेली होती. तिथून हे कोडं उलगडत गेलं.

‘मी तर कधीच ओढली नाही’

चुलीचा धूरही हेच करतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे लक्ष वेधलं. तरीही चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाईला स्पायरोमेट्री न करताच ‘दमा आहे’ सांगून पंप हातात दिला जातो. ही सवय मोडायलाच हवी.

कारण सगळ्या पेशी एका औषधाला दाद देत नाहीत. दम्यात प्रभावी ठरणारं स्टेरॉइड न्यूट्रोफिलपुढे बरंचसं निष्प्रभ ठरतं. इओसिनोफिल वाढलेले असतील, तर मात्र उपयोग होतो. आंतरराष्ट्रीय ‘गोल्ड’ मार्गदर्शिकेनुसार वारंवार त्रास बळावणाऱ्या रुग्णात रक्तातलं हे प्रमाण 300च्या वर असल्यास स्टेरॉइड पंपाचा फायदा संभवतो. 100च्या खाली तो नगण्य, उलट न्यूमोनियाचा धोका. वाढलेल्या इओसिनोफिलवाल्यांसाठी 2024 मध्ये अमेरिकेत डुपिलुमॅब इंजेक्शनलाही मंजुरी मिळाली. ते अर्थात महागडं.

इओसिनोफिलचा आकडा मात्र साध्या सीबीसी रिपोर्टमध्येच असतो. पंप परस्पर बंद करू नका. पुढच्या भेटीत तो रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवा आणि स्पायरोमेट्री कधी करायची, तेही विचारा.